सहाला पाच कमी

आधी शिडी.

ॲल्युमिनियमची, घडीची, हॉलच्या मागच्या भिंतीपाशी उघडून ठेवलेली. मी तिच्या वरून दुसऱ्या पायरीवर, ओढणी कमरेला खोचून. समोर भिंतीवरचं गोल पांढरं घड्याळ. खाली शिडी धरून ओधियांबोसाहेब. समितीचे सचिव, केनियाचे, सहा फुटांच्या वर उंची. त्यांनी नुसता हात वर केला असता तरी घड्याळ उतरलं असतं.

"निघाला का सेल?"

"झाकण घट्ट आहे, सर."

"हळू बोला. मी इथे नाही."

"शिडी तर तुम्हीच धरलीये."

"शिडीही इथे नाही. तुम्ही तर नाहीच नाही. म्हणून तर तुम्हाला सांगितलं."

झाकण निघालं. सेल माझ्या तळहातावर पडला. सेकंदाचा काटा एकदा थरथरला आणि थांबला. सहाला पाच कमी.

हॉलमध्ये चाळीसेक देशांची माणसं कॉफी पीत उभी होती. एकानेही मान वळवली नाही. इतकी माणसं एका वेळी इतकं मन लावून भिंतीकडे पाठ करून उभी राहिलेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

*

हे का केलं, ते सांगायला हवं.

हेलसिंकी, जुलै महिना, सत्त्याण्णव साल. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करत होते. कृषी अर्थशास्त्र. एका शिष्यवृत्तीवर उन्हाळ्यापुरती या समितीच्या कचेरीत शिकाऊ म्हणून गेले होते. समिती बियाण्यांविषयी एक करार लिहीत होती. शिकाऊ म्हणजे झेरॉक्स काढायची, पाण्याचे ग्लास भरायचे, कोण बोलायला मागतोय ते लिहून अध्यक्षांपुढे सरकवायचं.

बैठकीची मुदत त्या दिवशी संध्याकाळी सहाला संपत होती. सहापर्यंत जे वाक्य मंजूर होणार नाही ते करारातून गळणार. एका वाक्यावर गाडं अडलं होतं. अशा वेळी या लोकांची एक जुनी रीत असते. घड्याळ थांबवायचं. भिंतीवर सहा वाजले नाहीत तर सहा वाजले नाहीत. मग बाहेर काहीही वाजू दे. पण हुद्द्यावरच्या माणसाने घड्याळाला हात लावला असं दिसता कामा नये. माझ्याकडे हुद्दाच नव्हता.

दुसरी रीत याहून साधी. मतदान नाही. अध्यक्षा विचारणार, "आक्षेप?" हॉलवरून एकदा नजर फिरवणार, आणि हातोडी आपटणार. जो बोलला नाही त्याचा होकार. जो खुर्चीत नाही त्याचाही होकार.

रिकामी खुर्ची म्हणजे हो.

*

मध्येच सुमेधा.

"चहा गार होतोय, सरोजताई," ती म्हणते. "पण थांबू नका."

नागपूर, त्रिमूर्तीनगर, तिचं घर. दुपारी एका कृषी मेळाव्यात माझं व्याख्यान होतं. ते संपल्यावर माझ्याच वयाची एक बाई पुढे आली आणि म्हणाली, "तुम्हीच ना त्या घड्याळवाल्या? मी ढवळेंची मुलगी." आणि मला हाताला धरून घरी घेऊन आली. ढवळेसाहेब, म्हणजे त्या बैठकीतले आपल्या देशाचे प्रतिनिधी, मागच्या उन्हाळ्यात गेले, हे तिने स्कूटरवर, सिग्नलला थांबल्यावर सांगितलं.

"आपण एकदा बोललोय," ती म्हणते. "फोनवर. आठवतं?"

आठवतं.

"मला एवढंच हवंय," ती म्हणते. "ते माझ्या साखरपुड्याला का आले नाहीत?"

*

मग मटार. ते घडलं त्याच दुपारी, शिडीच्या आधी.

ढवळेसाहेब दिल्लीत कृषी मंत्रालयात उपसचिव, मूळचे वाशीमकडचे. हॉलमध्ये इंग्रजी असं, की प्रत्येक शब्द इस्त्री करून आणलेला. मी मेहकरची आहे हे कळल्यापासून मात्र माझ्याशी फक्त वऱ्हाडी. त्यांच्यासोबत आलेले मोठे साहेब सकाळच्याच विमानाने दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या बैठकीला गेले होते. आपल्या देशाच्या दोन खुर्च्यांपैकी एक तेव्हापासून रिकामी होती.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बंदरावरच्या बाजारात गेलो. तिथे उन्हाळ्यात मटाराच्या शेंगा मिळतात, आणि लोक त्या रस्त्यात उभ्याउभ्या सोलून कच्च्याच खातात. टरफलं कागदी पिशवीत. मंत्री असो की ट्रामवाला.

"अरे बाप्पा!" साहेब ओरडले. "हे तं मापानं देऊन राह्यले! आपल्या शेरावानी!"

विकणारी म्हातारी पत्र्याच्या मापाने शेंगा भरत होती. साहेबांनी बोटाने खूण केली, अजून थोड्या, वरून. म्हातारीने हसून माप शिगोशीग केलं.

"पाह्यलं? जगात कुठंबी जाय, वरून मूठभर मागाले भाषा लागत नाई."

आम्ही धक्क्यावर बसलो. समुद्रपक्षी इतके धीट की हातातली शेंग ओढून नेतील. साहेब शेंगा सोलत होते, पण खात नव्हते. सोललेले दाणे रुमालावर जमत होते.

"पोरी, शनिवारी माह्या सुमेधाचा साखरपुडा हाये. नागपूरले. सकाळी."

"अरे वा! मग आज रात्री निघताय ना?"

"नऊचं विमान. फ्रँकफर्ट, दिल्ली, नागपूर. हे चुकलं तं मंग शनिवार चुकला." त्यांनी एक शेंग उलगडली. "मुलगा आपल्यातला नाई. मिलिंद वाहाने. इंजिनिअर हाये, चांगला हाये. मी नाई म्हटलं. वर्षभर नाई म्हटलं. पोरगी समोर आली की पेपर उघडून बसाचो. तिच्या मायनं शेवटी माह्या हातातला पेपर घेतला आन् चुलीत टाकला."

"मग?"

"मंग हो म्हटलं."

"सुमेधाताईंना केवढा आनंद झाला असेल."

"तिले कुठं म्हटलं? तिच्या मायले म्हटलं. त्या पोराले तं नाईच. तेच शनिवारी म्हणाचं हाये. सगळ्याईसमोर." ते दाण्यांकडे बघत राहिले. "मी तिथं नसलो तं वाहान्याईले काय वाटंल? बाप आलाच नाई, म्हणजे त्याचं अजून नाईच हाये. लग्नघरात बापाची खुर्ची रिकामी राह्यली का त्याचा एकच अर्थ निघते."

मग त्यांनी रुमाल माझ्यापुढे धरला. "खाय. मी पाणीबी पिऊन नाई राह्यलो सकाळपासून. लघवीले उठलो आन् त्या बाईनं हातोडी मारली म्हंजे?"

*

उजेडाविषयी चार ओळी.

तो उजेड मला आजही पुरता विसरता आलेला नाही. संध्याकाळी आठला दुपारी चारसारखं ऊन. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी पिठलं हलवत असायची आणि खिडकीतून ऊन कढईत यायचं. ट्रामच्या काचा, चर्चची पायरी, बाकांवर डोळे मिटून ऊन खाणाऱ्या म्हाताऱ्या. दिवस संपायचाच नाही. मला वाटायचं, इथे कुणाला उशीर कसा होत असेल?

*

घड्याळ थांबल्यानंतर.

अध्यक्षा लेहतोनेनबाई. त्यांचा नवरा बंदरात होडी तयार ठेवून सुट्टीवर जायला वाट बघत होता, हे सगळ्या हॉलला माहीत होतं. अडलेलं वाक्य असं: शेतकऱ्याने आपल्या घरी राखलेलं बियाणं आपसांत, परवानगीशिवाय, देता-घेता यावं. 'राखावं' याला कुणाची हरकत नव्हती. 'पेरावं' यालाही नव्हती. भांडण 'देता-घेता' वर.

समोरच्या रांगेत एका देशाचे वकील होते. गुलाबी टाय, मऊ आवाज. "आमचा शेतकऱ्यांना विरोध नाही," ते म्हणाले. "पण देणं-घेणं म्हणजे व्यापार. आणि व्यापाराला परवाना हवा."

ढवळेसाहेबांनी मायक्रोफोनचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"आभारी आहे, अध्यक्ष महोदया. आमच्याकडे लेक सासरी निघते तेव्हा आई तिच्या ओटीत बियाणं बांधते. भोपळ्याचं, वालाचं, घरच्या ज्वारीचं. या सभासदांचं म्हणणं मान्य केलं तर ती आई विनापरवाना व्यापारी ठरते. मला खुलासा हवा आहे, की तिला अटक कोण करणार? जावई?"

इंग्रजीवाले आधी हसले. मग दुभाष्यांकडून पोचलं तसे फ्रेंच हसले, आणि सगळ्यात शेवटी, बाकी हॉल गंभीर झाल्यावर, स्पॅनिश.

वकील हसले नाहीत. "या ओटीत साधारण किती बियाणं मावतं?"

"लेक किती लाडकी आहे त्यावर आहे," साहेब म्हणाले आणि बटण बंद केलं.

त्यानंतर कीस पडत राहिला. 'आपसांत' म्हणजे एका गावात की दोन? सोयरे धरायचे का? आफ्रिकेतल्या दोघीतिघी साहेबांच्या बाजूने बोलल्या. मग एकेक खुर्ची रिकामी व्हायला लागली. कुणाची गाडी, कुणाची बोट. त्या दोघीतिघीही आपापल्या सामानासकट गेल्या. प्रत्येक जण जाताना आपल्या देशाच्या नावाची पाटी सरळ करून जायचा. म्हणजे हो.

मी ग्लास भरण्याच्या निमित्ताने साहेबांच्या खुर्चीपाशी गेले आणि वाकले.

"काका, पावणेआठ झालेत. टॅक्सी बोलावू? आता निघालात तर मिळेल विमान."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "सहाले पाच कमी हायेत."

"काका, ते घड्याळ मी—"

"मले माहीत हाये तू काय केलं ते. शिडी दिसली नाई का मले?"

"मग?"

"मंग काय?" आवाज एकदम खाली आला. "हे खुर्ची सोडली तं हो म्हटल्यावानी होते. ते खुर्ची सोडली तं नाई म्हटल्यावानी होते. तू शिकून राह्यली ना हे सारं? सांग. कोणती सोडू?"

"मी बसू का तुमच्या जागी?"

"तुह्यं नाव हाये का त्याईच्या यादीत?"

नव्हतं. मी तर तिथे नव्हतेच.

"मला नाही सांगता येत, काका."

"मलेबी नाई. म्हणून म्हणतो, सहाले पाच कमी हायेत. जाय, त्या गुलाबी टायवाल्याले पाणी दे. घसा सुकला त्याचा, पण खोड नाई जात."

*

"म्हणजे त्यांना माहीत होतं," सुमेधा म्हणते.

"हो."

"तुम्ही फोनवर म्हणाला होतात, घड्याळ बंद होतं."

"बंद होतं. मीच बंद केलं, हेही म्हटलं होतं. त्यांनी तेवढंच बोलायला सांगितलं. विमान गेल्यावर मी तुम्हाला फोन लावला, तेव्हा ते फोनच्या खोक्याबाहेर उभे होते. मी म्हटलं, काका, खरं सांगा ना त्यांना. तर म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"खरं सांगितलं तं तिले वाटंल, बापाले पोरीपरीस कागद प्यारा. त्यापरीस बाप येडा बरा."

सुमेधा चहावरची साय बोटाने बाजूला करते.

"कुणालाच ते येडे वाटले नाहीत, सरोजताई. एवढा मोठा अधिकारी, आणि म्हणे घड्याळ बंद होतं म्हणून विमान चुकलं? सगळ्यांना वाटलं, बहाणा. त्यांना यायचंच नव्हतं. मोठे काका बसले त्यांच्या जागी. मिलिंदचे वडील सगळ्यांदेखत म्हणाले, व्याह्यांना घड्याळ कळत नाही, की आम्ही कळत नाही? आई तोंड लपवून आत गेली."

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

"मलाही तेच." ती वर बघते. "सव्वीस वर्षं तेच. ते लग्नाला आले, नातवंडं खेळवली. पण मिलिंदशी बोलणं म्हणजे 'जेवलात का' आणि 'गाडी सावकाश चालवा.' मिलिंद समजून गेला, की या माणसाने आपल्याला कधी हो म्हटलंच नाही. त्यांना शेवटी दवाखान्यात नेलं ते त्यानेच. उचलून. तेव्हाही दोघांच्यात एक शब्द नाही."

आतल्या खोलीत कुणीतरी रेडिओ लावतं आणि बारीक करतं.

"अजून एक आहे," मी म्हणते.

*

हातोडी.

सव्वाआठ वाजून गेले असतील. गुलाबी टायने आपल्या माणसांशी कुजबुज केली, घड्याळाकडे पाहिलं, खऱ्या घड्याळाकडे, मनगटावरच्या. कदाचित त्यालाही कुठेतरी पोचायचं होतं. "आम्ही आग्रह धरत नाही," तो म्हणाला.

लेहतोनेनबाईंनी वाक्य वाचलं, 'देता-घेता' सकट. "आक्षेप?" नजर फिरली. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. आमची, म्हणजे साहेबांची, भरलेली.

ठक्.

लोक उठले, हात मिळवले, गेले. दुभाष्यांनी कानावरचे हेडफोन काढून केस मोकळे केले आणि आपापल्या काचेच्या खोक्यांतून बाहेर पडले. ओधियांबोसाहेबांनी जपून ठेवलेला सेल मला परत दिला. "आता घड्याळ चालू करा. आणि आधी बंद होतं हे तुम्हाला माहीत नाही." तेही गेले.

मी शिडी उघडली, चढले. खिडक्यांतून ऊन आडवं येऊन रिकाम्या पाट्यांवर पडलं होतं.

"पोरी."

ढवळेसाहेब खुर्चीतच होते.

"अजून चालू नको करू. दोन मिनिटं."

"बरं, काका."

"आता किती वाजले?"

मी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या नाकासमोरच होतं ते. "सहाला पाच कमी," मी म्हटलं.

"म्हंजे विमान हाये अजून."

"आहे, काका."

त्यांनी कोटाची बटणं लावली. टाय सरळ केला. मग मायक्रोफोनचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. मला आधी कळेना, कुणाशी बोलायचंय. "आभारी आहे, अध्यक्ष महोदया," ते सवयीने इंग्रजीत म्हणाले. थबकले. स्वतःशीच हसले. आणि मग वऱ्हाडीत, त्या सगळ्या हॉलला, समोरच्या रिकाम्या खुर्च्यांना, ते बोलायला लागले. सावकाश. पाठ केल्यासारखं. मला वाटतं, कितीतरी दिवस पाठ करत असावेत. मी शिडीवर, हातात सेल, आणि तो आवाज चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून—

*

"थांबा," सुमेधा म्हणते.

मी थांबते.

"पुढचं नका सांगू. मला एकटीला नका सांगू." ती उठते, आतल्या दाराशी जाते. "मिलिंद! जरा बाहेर ये."

"कोण आलंय?" आतून.

"ये तर खरं."

रेडिओ बंद होतो. मिलिंद वाहाने बाहेर येतात. पन्नाशी उलटलेले, कपाळ मागे गेलेलं, चष्मा डोक्यावर चढवलेला. मला नमस्कार करतात, बायकोकडे बघतात.

"काय झालं? रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. ह्या सरोजताई. हेलसिंकीच्या. घड्याळवाल्या."

त्यांचा चेहरा हलत नाही. "अच्छा," म्हणतात. "ते घड्याळ." आणि परत जायला वळतात.

"मिलिंद, बाबांनी तुझ्यासाठी काहीतरी म्हटलं होतं. तिथे. त्याच दिवशी. ह्यांनी एकट्यांनीच ऐकलंय."

"माझ्यासाठी?"

"बसा ना," मी म्हणते.

"नाही, ठीक आहे." ते दारातच उभे राहतात, एक हात चौकटीवर. पाहुणा उभा राहतो तसे. "बोला."

मला वऱ्हाडी बोलून फार वर्षं झाली. तरी मी खुर्चीत सरळ बसते. त्यांचा आवाज मला काढता यायचा नाही, पण थांबायचं कुठे ते माहीत आहे.

"मिलिंदराव," मी म्हणते. "मी सुमेधाचा बाप. वर्षभर तुम्ही दारात आले का मी मांगच्या खोलीत जाऊन बसलो. तुमच्यात काय कमी हाये ते शोधत होतो. सापडलं नाई. मंग माह्यात शोधलं, तं लय सापडलं."

चौकटीवरचा हात खाली येतो.

"पोरगी मी देऊन नाई राह्यलो. ते तिनं आधीच ठरवलं हाये. मी निस्ता तिच्या बाजूनं बसाले आलो. उशीर झाला. सगळ्याईसमोर म्हणतो, माहं हो हाये. तुम्ही आता दारात नका उभे राहू. हे घर तुमचं हाये. या. बसा."

सुमेधा भिंतीशी उभी आहे. मिलिंदराव तिच्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात. मग ते दार सोडून पुढे येतात, माझ्यासमोरची खुर्ची थोडी ओढून घेतात, आणि बसतात.